एकविसाव्या दिवशी बॅलन्स का पळतो

विश्रामबाग, सांगली

प्रिय बाळू,
स. न. वि. वि.

मीटर प्रीपेड झाला तर घराला काय पडेल आणि नवा मीटर आल्यापासून युनिट का वाढली, असे तू दोन प्रश्न एकात गुंडाळलेस, ते आधी सोडवून घेऊ. साताऱ्यात तुझ्या वाड्यात बसवलाय तो मीटर स्मार्ट आहे, प्रीपेड नाही. साध्या घरगुती ग्राहकाला प्रीपेड लावणार नाही असं सरकारनं जून २०२४ मध्ये जाहीर केलं. त्यानंतर घरोघरी येतोय तो टीओडी, म्हणजे कोणत्या वेळेला किती वीज वापरली हे नोंदवणारा मीटर, आणि त्याचं बिल पूर्वीसारखं महिना झाल्यावरच येतं. यंत्र मात्र तेच. आत लाईट तोडणारा-जोडणारा रिले आहे, मोबाईलसारखं नेटवर्क आहे; प्रीपेड करायचं म्हटलं तर वायरमननं दारात यायचीही गरज नाही. तेव्हा "उद्या झालंच तर घराला काय पडेल?" हे विचारलंस ते बरं केलंस.

युनिटचा दर दोन्हीकडे तोच धर. फरक पडतो तो कापणीत. बिलात सगळं एका दमात येतं, प्रीपेडमध्ये रोज थोडं थोडं कापलं जातं, आणि लोकांची तारांबळ तिथंच उडते. २०२४-२५चे दर घेऊन हिशोब करतो. आताचे आकडे बदललेत, रीत तीच आहे. पहिल्या १०० युनिटला ४.७१ आणि वहन आकार (वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचा) १.१७, म्हणजे ५.८८ रुपये. १०१ ते ३०० ला १०.२९ आणि १.१७, म्हणजे ११.४६. स्थिर आकार महिन्याला १२८. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन बाजूला ठेव, ते दर महिन्याला बदलतं.

तुझं घर रोज ५ युनिट खातं असं समज. पहिले वीस दिवस युनिटचे २९.४० आणि स्थिर आकाराचा रोजचा हिस्सा ४.२७, त्यावर शुल्क, मिळून रोज ३९ रुपये ५ पैसे कापले जातील. विसाव्या दिवशी १०० युनिट भरले. एकविसाव्या दिवशी तोच पंखा, तोच फ्रिज, तीच टीव्ही, पण कापले जातील ७१ रुपये ४२ पैसे. माणूस म्हणतो मीटर पळायला लागला. मीटर आहे तिथंच आहे, स्लॅब बदललाय. महिन्याची बेरीज १,४९५ रुपये, म्हणजे बिलानं भरलं असतं तेवढीच. म्हणून प्रीपेडवाल्यानं "पाचशेचं रिचार्ज किती दिवस पुरलं" हे मोजून उपयोग नाही. महिन्याच्या सुरुवातीला ते साधारण तेरा दिवस जातं, शेवटी सातच.

याच्यात एक खोच आहे, ती नीट वाच. सॉफ्टवेअर स्लॅब महिन्याच्या एकूण युनिटवर लावतं, की १०० भागिले ३० करून रोजच्या ३.३३ युनिटांवर? दुसरी रीत असेल आणि महिनाअखेर फेरहिशोब होत नसेल, तर ज्याचा वापर दिवसागणिक कमी-जास्त होतो तो मार खातो. तुम्ही दहा दिवस गावाला गेलात आणि उरलेले वीस दिवस रोज ५ युनिट वापरलीत, तर एकूण १०० युनिट झाली. सगळी स्वस्तात बसायला हवीत. रोजच्या हिश्शानं कापलं तर ३३ युनिट महागात जातात आणि शुल्क सोडून १८६ रुपये जादा लागतात. कुठल्याही प्रीपेड योजनेला हो म्हणण्याआधी हा प्रश्न लेखी विचार. तोंडी उत्तराला किंमत नाही.

डिपॉझिटचं आता. वीज कायदा २००३, कलम ४७(५): प्रीपेड मीटरवर वीज घेणाऱ्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. आपल्याकडे ही ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी असते, म्हणजे वरच्या घराची तीनेक हजार. ती परत आली किंवा बॅलन्सला जमा झाली, तर आगाऊ पैसे अडकतात ही ओरड मला तरी पटत नाही, कारण खात्यात पाचशे-सातशे ठेवून काम भागतं. ठेवही तिकडेच आणि रिचार्जही आगाऊ, असं झालं तर मात्र तो दुहेरी भुर्दंड. बंद घराचंही लक्षात ठेव. पुण्याला मुलाकडे दोन महिने राहिलात तरी स्थिर आकार शुल्कासकट महिन्याला १४८ रुपये कापत राहणार. बॅलन्स तीनशेच्या आत ठेवून गेलात तर परत याल तेव्हा तो उणे झालेला असेल, आणि पहिलं रिचार्ज तो खड्डा भरण्यात जाईल.

आता तुझा खरा त्रास, नवा मीटर आल्यापासून युनिट वाढल्याचा. वाड्याच्या वाटण्या झाल्यात, वर थोरले भाऊ, खाली तू, वायरिंग जुनं. मला पहिला संशय सामाईक न्यूट्रलचा येतो. वीज फेजच्या तारेनं घरात येते आणि न्यूट्रलच्या तारेनं परत जाते. जुना चकतीचा मीटर फक्त फेजमधला करंट मोजायचा. आताचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही मोजतो आणि जो जास्त असेल त्यावर युनिट लावतो, चोरी पकडण्यासाठी. वरच्या मजल्याचा न्यूट्रल तुझ्या न्यूट्रलला कुठं जोडलेला असला, तर त्यांच्या गिझरचा करंट तुझ्या मीटरातून परततो आणि तुझ्या नावावर चढतो. मीटरवर अर्थ लिकेजचा दिवा किंवा खूण दिसते का बघ. दिसत असेल तर वहिनींना सांगून वरचा मेन स्विच पाच मिनिटं बंद ठेवायला लाव. खूण गेली तर रोग सापडला. दोन्ही घरांचे न्यूट्रल मेन स्विचपासून वेगळे करून घे. लायसन्सवाला वायरमन अर्ध्या दिवसात करतो.

मीटरची चाचणी घरी होते. त्याच्या तोंडावर ३२०० इंप/केडब्ल्यूएच असं छापलेलं असतं (काहींवर १६०० किंवा ६४००). म्हणजे एका युनिटला लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. घरातलं सगळं बंद कर, इन्व्हर्टरचा आणि फ्रिजचा प्लगसुद्धा काढ, आणि १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब एकटा लाव. ३२००वाल्या मीटरवर सव्वाअकरा सेकंदाला एक, दहा मिनिटांत ५३ लुकलुकी यायला हव्यात, मोज. ४५-५० आली तर व्होल्टेज कमी असेल, बल्बच कमी खातोय. ६०च्या पुढे गेली तर तक्रार कर. मग बल्बही काढ. तरी दिवा लुकलुकत असेल तर घरात लिकेज आहे किंवा काहीतरी लागलेलं राहिलंय. मेन स्विच पाडूनही लुकलुकला, तर मीटर आणि मेन स्विचच्या मधून कोणीतरी वायर घेतलीय. सीलला मात्र हात लावू नकोस, निष्कारण चोरीचं कलम अंगाशी येईल.

तक्रार केलीस तर पडताळणीसाठी दुसरा मीटर माग. ग्राहक हक्क नियमांतल्या २०२४च्या दुरुस्तीप्रमाणे तो पाच दिवसांत शेजारी बसवायचा आणि किमान तीन महिने दोन्हींचं रीडिंग ताडून बघायचं. महावितरणच्या उपविभाग कार्यालयात अर्ज दे, पोच घे. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, तुमचा बारामतीला, आमचा कोल्हापूरला.

मंजूर भारही बघून ठेव. बिलावर १ किलोवॅट लिहिलंय आणि घरात २ किलोवॅटचा गिझर आहे, हे जुन्या मीटरला कळत नव्हतं, याला कळतं. भार वाढवून घेतलेला बरा. दुपारच्या सवलतीच्या नादाला फार लागू नकोस. १ जुलै २०२५ला ती सुरू झाली तेव्हा सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटला ८० पैसे सूट होती; त्या हिशोबानं पाण्याची मोटर रोज तासभर त्या वेळेत लावून एक युनिट तिकडे गेलं तरी महिन्याला २४-२५ रुपयेच वाचतात. ते घे, कोणी नको म्हणत नाही.

जुना मीटर काढताना दिलेला कागद सापडला का? त्यावरचं शेवटचं रीडिंग आणि पुढच्या बिलातलं रीडिंग जुळतं का, हे सगळ्यात आधी बघ. मीटर बदलाच्या महिन्यात तिथंच आकडा चुकतो. दोन्हींचे फोटो पाठव, लुकलुकीचा आकडाही कळव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
आप्पा