सेंद्रिय घेणं म्हणजे मिरवणं नव्हे

मा. संपादक,

कालच्या पुरवणीतला सेंद्रिय खाण्यावरचा लेख वाचला, रात्रभर डोक्यातून गेला नाही म्हणून लिहायला बसले. लोक सेंद्रिय का घेतात, तर म्हणे चारचौघांत मिरवायला नाहीतर आजाराच्या धास्तीने. बस, दोनच कारणं! लेखकांनी एकदा तरी घेणाऱ्या कुणाला विचारायचं होतं.

माझं कारण सांगते. माझा दादा फवारणीला जायचा. पाठीवरचा पंप गळायचा, शर्ट मागून कंबरेपर्यंत ओला, वारा फिरला की सगळा फवारा तोंडावर, आणि त्या विषाला आम्ही घरात औषध म्हणायचो. संध्याकाळी यायचा तर डोळे लालभडक, हात थरथरतायत, ताट समोर ठेवलं तरी घास जायचा नाही. आई त्याचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची, तरी त्या शर्टाचा वास काही गेला नाही. आज काहीही घेताना मी पाकिटावर प्रमाणपत्राचं चिन्ह शोधते ते त्या शर्टापायी. माझ्या ताटात काय येतं ते नंतर, ते पिकवताना कुणाच्या पाठीवर काय गळलं ते आधी. याला तुम्ही मिरवणं म्हणता?

आता अभ्यासाचं. २०१२ चा स्टॅनफर्डचा आढावा दिलात, पोषणात खास फरक नाही म्हणून. मान्य. पण त्याच आढाव्यात सेंद्रिय मालात कीटकनाशकांचे अंश कमी सापडतात हेही आहे, ते का गाळलं? आणि २०१४ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी ३४३ अभ्यास एकत्र तपासले, त्यात साध्या पिकांमध्ये असे अंश सेंद्रियच्या चौपट वेळा आढळले आणि सेंद्रियमध्ये कॅडमियम हा विषारी धातूही कमी निघाला, त्याचा तर उल्लेखच नाही. सेंद्रिय शेतीत फवारणीच नसते असं माझं म्हणणं नाही, तांब्याची संयुगं, पायरेथ्रम (फुलांपासून काढलेलं कीटकनाशक) चालतात आणि तीही जपूनच मारावी लागतात. पण निदान अर्धी गोष्ट तरी छापू नका.

अजून एक, राहवत नाही म्हणून लिहिते. त्याच लेखाच्या खाली ‘१०० टक्के नॅचरल’ अशी भली मोठी जाहिरात! अहो, नॅचरल म्हणजे सेंद्रिय नव्हे. सेंद्रियचं प्रमाणपत्र मिळवायला शेतकरी दोन-तीन वर्षं रसायनं बंद ठेवतो, तेवढ्या काळात उत्पन्न बहुतेकदा घटतं, नोंदी ठेवाव्या लागतात, तपासणीला माणूस येतो, आणि तोवर माल सेंद्रिय म्हणून विकताही येत नाही. नॅचरल या शब्दाला यातलं काही लागत नाही. वाचणारा दोन्ही एकच समजतो आणि पैसे मोजून फसतो, आणि त्यात तुमच्या पानाचा हातभार लागतो हे मला फार खटकलं.

पुढचा लेख लिहाल तेव्हा पंप पाठीवर घेणाऱ्या एखाद्या माणसाशी आधी बोला, एवढी विनंती आहे.

आपली,
एक नियमित वाचक