प्लॉटच्या जाहिरातीत रस्त्याची रुंदीही छापा

महोदय,

आपल्या रविवारच्या अंकात 'येलो झोन, एनए (बिगरशेती), बंगलो प्लॉट' अशा जाहिराती पानभर असतात. प्लॉट किती गुंठ्यांचा, हप्ता किती, हायवे किती मिनिटांवर, सगळं असतं. समोरचा रस्ता विकास योजनेत, म्हणजे शहराच्या पुढच्या वाढीसाठी मंजूर झालेल्या आराखड्यात, किती मीटरचा आहे, तेवढं नसतं. नगररचना खात्यात अनुरेखक म्हणून मी ३१ वर्षं नकाशे काढले आणि त्याच आकड्यापायी माझ्या सख्ख्या भाच्याचं घर दीड मीटर आक्रसलं.

शहराच्या वाढीव हद्दीत त्यानं १२ बाय १५ मीटरचा प्लॉट घेतला. समोर ९ मीटरचा डांबरी रस्ता. १५० ते ३०० चौरस मीटरच्या प्लॉटला आता वास्तुविशारदाच्या दाखल्यावर दहा दिवसांत परवानगी मिळते, म्हणून ठेकेदार कागद यायचीही वाट बघेना. कंपाउंडच्या भिंतीपासून टेप लावली, पुढं ३ मीटर, मागं आणि दोन्ही अंगांना दीड-दीड मीटर सोडलं, फक्की मारली, पाया खणला. मला विचारलं नाही. मामा कायदा सांगत बसतील!

विकास योजनेत तो रस्ता १२ मीटरचा निघाला. दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर जाणार, आणि पुढचं अंतर मोजायचं ते रुंदीकरणानंतरच्या हद्दीपासून. साडेदहा बाय नऊचं घर नऊ बाय नऊवर आलं. पुढची चर बुजवली, भाचेसुनेनं हौसेनं आखलेला ओटा गेला. रस्त्यात गेलेल्या जागेचं चटई क्षेत्र, म्हणजे तिच्यावर जेवढं बांधकाम करता आलं असतं तेवढं, उरलेल्या प्लॉटवर वापरता येतं हे खरं, पण ते वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावर ओटा कसला घालणार?

'येलो झोन' म्हणजे तिथं राहायचं घर बांधता येतं, इतकंच. ते कुठपर्यंत बांधायचं, हे रस्त्याची रुंदी, प्लॉटचं क्षेत्र, इमारतीची उंची आणि जागा दाट वस्तीत आहे की बाहेर, यावर ठरतं. डिसेंबर २०२० पासून बृहन्मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर राज्यभर बांधकामाची एकच नियमावली आहे. परवानगी लवकर मिळते ही सोय चांगलीच. फक्त पूर्वी जी चूक आमच्या टेबलावर लाल शाईत सापडायची, ती आता पाया खणल्यावर सापडते.

परवानगीच्या नकाशात प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळं, असलेला रस्ता हिरवा, होणारा रस्ता हिरव्या तुटक रेघेचा. सामासिक अंतराला, म्हणजे घराभोवती सोडायच्या मोकळ्या जागेला, मात्र रंगच देत नाहीत. म्हणूनच की काय, लोकांना ती फुकट पडलेली जागा वाटते. आमच्या गल्लीत दोन शेजाऱ्यांच्या पत्र्याच्या शेड एकमेकींना टेकल्यात. मागची टाकी धुवायला माणूस आडवा होऊन जातो. उद्या तिथं आग लागली तर पाण्याचा पाइप कुठून नेणार?

विसार देण्याआधी गट नंबर देऊन झोन दाखल्याबरोबर भाग नकाशाही, म्हणजे विकास योजनेतला आपल्या गटापुरता नकाशा, मागून घ्यावा. होणाऱ्या रस्त्याची रेघ आपल्या प्लॉटात किती आत येते, ते नकाशातच दिसतं. आणि आपण जाहिरात घेतानाच 'विकास योजनेतील रस्त्याची रुंदी' हा रकाना भरून घ्यावा. जाहिरातीची एक ओळ वाढेल, तिचे पैसे जाहिरातदार देईल.

एक निवृत्त अनुरेखक,
सातारा