तिहुआनाला जाण्याआधी

चि. अथर्व,
अनेक आशीर्वाद.

सीमेपलीकडच्या, मेक्सिकोतल्या तिहुआनाच्या ज्युनिअर फुटबॉल संघाचं बोलावणं आल्यापासून आमचं काय ठरतंय याकडे तुझे कान लागलेत. गाडीत विषय काढला की तू "हो बाबा" म्हणून मोकळा होतोस, म्हणून हे लिहायला बसलो. उत्तर आधीच सांगून टाकतो: जा. पण कशासाठी जायचं, याबाबत माझं मत तुझ्यापेक्षा वेगळं आहे.

तू ज्यांची नावं घेतोस त्यांच्याकडे जरा नीट बघ. ज्यो कोरोना लॉस एंजेलिसला जन्मला, सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाकडून खेळला, आणि २०१२ मध्ये शोलोसनी, म्हणजे तिहुआनाच्या क्लबाने, पहिल्यांदा मेक्सिकोची लीग जिंकली तेव्हा त्या संघात होता. पॉल अरिओला तर आपल्या सॅन डिएगोशेजारच्या चुला व्हिस्टाचाच. जोस टोरेस टेक्सासमधल्या लाँगव्ह्यूचा, मेक्सिकोतल्या पाचुका क्लबाने त्याला शाळकरी वयात हेरलं. या सगळ्यांची मुळं मेक्सिकोत आहेत. घरात मेक्सिकन आई किंवा बाप असला की मेक्सिकोचं नागरिकत्व मिळतं आणि क्लबच्या यादीत असा मुलगा परदेशी धरला जात नाही. ग्वादालाहाराचा चिव्हास क्लब तर फक्त मेक्सिकन खेळाडूच खेळवतो. केड कॉवेल कॅलिफोर्नियात वाढूनही तिथे जाऊ शकला तो आजोळच्या नात्यामुळे. तुझं आजोळ कोल्हापुरात.

मोठ्या संघात परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात आणि त्या क्लबवाले दक्षिण अमेरिकेतून तयार, नावाजलेले खेळाडू आणून भरतात. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर तालमीच्या संघात बाहेरचा खेळाडू उतरला की पेठेतला प्रत्येक माणूस एकच विचारायचा, "आपल्या पोरापेक्षा हा काय जास्त करतोय?" तुलाही हाच प्रश्न विचारला जाणार, आणि तोंडावर विचारला जाणार. जो अठराव्या वर्षी जवळपास बरा आहे, त्याच्यासाठी कुणी परदेशी जागा अडवून ठेवत नाही.

मग जा का म्हणतो? निवड चाचणीच्या दिवशी मी जाळीबाहेर उभा होतो. त्यांनी तुम्हाला लहानशा चौकोनात घातलं, दोन स्पर्शांत चेंडू सोडायचा, आणि पाठीवर कायम कुणीतरी चिकटलेला. पहिली काही मिनिटं तुझा चेंडू सारखा जात होता. मग तू चेंडू यायच्या आधी मान वळवून मागे बघायला लागलास, खांदा आडवा घातलास, आणि त्या उंच पोराला वळसा देऊन निघालास. इथे इतक्या वर्षांत तुला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिथे ते मागितलं गेलं आणि तू दिलंस. चार वर्षं रोज असं मागणारं कुणी भेटत असेल तर ते मला हवंय.

पैशाचंही सांगतो, कारण तू मोठा झालास. अमेरिकेत बहुतेक चांगल्या युवा क्लबांची फी वर्षाला काही हजार डॉलर असते, प्रवासखर्च वेगळा. मेक्सिकोतले क्लब निवडलेल्या पोराकडून फी घेत नाहीत. लांबून आलेल्याला राहायला-जेवायलाही देतात. शेतात, हॉटेलच्या भटारखान्यात राबणाऱ्या कितीतरी आईबापांनी पोरं दक्षिणेकडे पाठवली ती यामुळे. त्या मुलांना परतीची वाट नव्हती. तुला आहे, हे तिथे कधी विसरू नकोस आणि त्यांच्यासमोर मिरवूही नकोस.

जोनाथन गोन्सालेस सांता रोसाचा. कोवळ्या वयात मेक्सिकोतल्या मॉन्टेरे क्लबाकडे गेला, २०१७ मध्ये अठराव्या वर्षी पहिल्या संघात पक्का झाला. राष्ट्रीय संघ अमेरिकेचा की मेक्सिकोचा यावर दोन देशांत चर्चा झाली, त्याने मेक्सिको निवडलं. नंतर जागा गेली, दुसऱ्या क्लबांकडे उसना जाऊ लागला. मला त्याच्याबद्दल फार वाईट वाटतं. एवढ्या लहान वयात एवढं ओझं. उलट अलेहांद्रो सेन्देहास एल पासोत वाढला, डॅलसहून चिव्हासला गेला, तिथे जम बसला नाही, नेकाक्साला गेला, आणि कुठे २०२२ मध्ये मेक्सिको सिटीच्या 'क्लब अमेरिका'त पोहोचला. पुढे त्या क्लबाने सलग तीन विजेतेपदं जिंकली, त्यात तो होता.

पण माझ्या डोळ्यांसमोर आहे तो ब्रँडन व्हास्केस. चुला व्हिस्टाचा पोरगा, शोलोसच्या युवा संघात घडला, तिथे थोडाफार खेळला आणि अमेरिकेत अटलांटाला आला. बरीच वर्षं बाकावर काढली. २०२२ मध्ये सिनसिनाटीसाठी १८ गोल केले, आणि मग मॉन्टेरेने त्याला पैसे मोजून बोलावलं. तू तिहुआनात शिकून ये. तिथल्या मोठ्या संघात उतरलास तर मी पेढे वाटीन, पण बेत आखायचा तो परत येण्याचा. आता २०२५ पासून आपल्या सॅन डिएगोचाही संघ एमएलएसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये, आहे.

आईची काळजी अर्धी फिफानेच मिटवली. अठरा वर्षांखालच्या मुलाला आपल्यासारखं सीमेजवळ राहून शेजारच्या देशात खेळायचं तर सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत घर हवं, क्लबही तेवढ्याच अंतरात हवा, आणि मुलाने आपल्याच घरी राहायला हवं. म्हणजे रात्री तू इथेच जेवणार. शाळा सुटणार नाही, यावर मी ऐकून घेणार नाही. सॅन इसिद्रोच्या सीमानाक्यावर रांगेत गाडी अडकते तेव्हा गृहपाठ करायचा. चुरो विकणारे काचेवर टकटक करतील, त्यांच्याशी स्पॅनिशमध्ये बोल. स्पॅनिश आलीच पाहिजे.

आणि सही. कुणी कितीही खांद्यावर हात ठेवो, मला आणि वकिलाला दाखवल्याशिवाय कशावरही सही करायची नाही. व्यावसायिक करार केलास की कॉलेजच्या फुटबॉलची वाट अवघड होते. शिवाय मेक्सिकोतल्या क्लबमालकांमध्ये वर्षानुवर्षं एक तोंडी समझोता होता: करार संपला तरी नव्या क्लबाने जुन्याला पैसे दिल्याशिवाय खेळाडूला घ्यायचं नाही. भल्याभल्यांची त्यात अडवणूक झाली. कागदावर नसलेल्या गोष्टीही विचारून घ्यायच्या.

सीमा लवकर ओलांडता येणाऱ्या राखीव लेनसाठी लागणाऱ्या सेन्ट्री कार्डाचे अर्ज मी भरायला घेतलेत. त्या लेनमधून जायचं तर गाडीतल्या प्रत्येकाकडे कार्ड लागतं, म्हणून आईचाही भरतोय. पहिला आठवडा तीच तुला सोडायला येणार म्हणते. तुझा जन्मदाखला निळ्या फायलीत आहे, तो आज काढून टेबलावर ठेव.

तुझा,
बाबा