ठेवीदार हवालदिल, पण हाती येणार किती?

मा. संपादक,
स. न.

एखाद्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले की दुसऱ्या दिवशीची बातमी कशी असणार, हे आता पाठ झाले आहे. ओढलेले शटर, बाहेरची गर्दी, 'ठेवीदार हवालदिल' हा मथळा आणि अगदी खाली एक ओळ : '5 लाखांपर्यंतच्या ठेवी सुरक्षित'. ज्याचे पैसे अडकलेत त्याला हवी ती माहिती नेमकी तिथेच कोंबलेली असते, आणि तीही अर्धी.

हे 5 लाख म्हणजे बँकेतील ठेवींवरच्या विम्याची मर्यादा; त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आले. 4 लाख 80 हजारांच्या ठेवीवर 35 हजार व्याज साचले असले, तरी विम्यातून मिळणार 5 लाखच. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे विभागून ठेवले, तरी एका नावावरच्या साऱ्या रकमा एकत्र मोजल्या जातात. नवरा-बायकोचे संयुक्त खाते मात्र वेगळे धरतात. पैसे कधी मिळणार? 2021 च्या कायदादुरुस्तीनंतर साधारण 90 दिवसांची मुदत आहे, पण ठेवीदाराला बँकेत तसा अर्ज द्यावा लागतो. मी वाचलेल्या बातम्यांत हा अर्ज क्वचितच दिसला. रांगेतल्या आजोबांचा फोटो मात्र हमखास असतो! शिवाय निर्बंध लागणे म्हणजे परवाना रद्द होणे नव्हे, हेही मथळ्यांत सर्रास विसरले जाते.

पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले, तेव्हा विमा 1 लाखाचाच होता. फेब्रुवारी 2020 मध्ये तो 5 लाखांवर गेला. आजही जुना आकडा छातीठोकपणे सांगणारे भेटतात.

खरा घोळ पतसंस्थांचा. त्यांच्या ठेवींना हा विमा मुळीच लागू नाही. त्या सहकार खात्याच्या निबंधकांच्या अखत्यारीत येतात, रिझर्व्ह बँकेच्या नव्हे. तालुक्याच्या गावात मात्र लोक दोन्हींना सरसकट 'बँक'च म्हणतात आणि बातमीदारही त्यांचीच री ओढतात. भरीस भर म्हणजे आतल्या पानावर पतसंस्थेची जाहिरात बातमीच्या थाटात येते : आकर्षक व्याज, ठेवी सुरक्षित. सुरक्षित कशाच्या जोरावर, ते कुठेच नसते. 'प्रायोजित' हा शब्द एवढ्या बारीक टायपात असतो की माझ्या वयाच्या वाचकाने भिंगच घेऊन बसावे. जाहिराती घेऊ नका असे मी म्हणत नाही. वृत्तपत्र चालायला हवे. पण त्या बातमीसारख्या दिसू नयेत.

अशा प्रत्येक बातमीसोबत एक ठरलेली चौकट द्यावी : संस्था बँक की पतसंस्था, विमा लागू आहे का, व्याजासह मर्यादा किती, अर्ज कुठे आणि कधीपर्यंत द्यायचा. जागा कमी पडत असेल, तर शटरचा फोटो वगळला तरी चालेल.

– एक वाचक, सातारा