तायक्वांदोचे वय आणि तेक्क्योनची कुळकथा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शालेय तायक्वांदो स्पर्धांचे दिवस आले की सर्वच वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर पदकविजेत्या मुलामुलींची छायाचित्रे झळकतात आणि त्याखालच्या मजकुरात ‘दोन हजार वर्षांची परंपरा असलेली कोरियन युद्धकला’ हे शब्द ठरल्यासारखे येतात. मुलांचे कौतुक झालेच पाहिजे, त्याबद्दल काहीच म्हणणे नाही. म्हणणे आहे ते या दोन हजार वर्षांबद्दल. प्रशिक्षण वर्गाच्या माहितीपत्रकातले हे वाक्य बातमीत येते, बातमीचे कात्रण पुन्हा त्याच वर्गाच्या भिंतीवर लागते आणि असे फिरत फिरत ते खरे होऊन बसते. अमक्या पैलवानाचा वस्ताद कोण, त्याने खासबागेत कोणाला कोणत्या डावावर चितपट केले, हे जुनी माणसे जेथे तोंडपाठ सांगतात, त्या कोल्हापुरात एवढा ढिलेपणा शोभत नाही. इतिहासाचा निवृत्त शिक्षक या नात्याने थोडे सविस्तर लिहितो. जागेची अडचण असल्यास काटछाट करावी.

तायक्वांदो हे नावच मुळी ११ एप्रिल १९५५ रोजी ठरले आणि त्यामागे जनरल चॉय होंग-ही यांचा पुढाकार होता. १९१० ते १९४५ या काळात कोरिया जपानच्या अमलाखाली होता आणि जपानमध्ये शिकायला गेलेले अनेक कोरियन तरुण तेथे कराटे शिकून परतले. त्यांपैकी ली वॉन-कुक हे आधुनिक कराटेचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी यांचे शिष्य. त्यांनी १९४४ मध्ये सोलमध्ये जो वर्ग सुरू केला, तो पुढे तायक्वांदोत विलीन झालेल्या प्रमुख घराण्यांपैकी एक मानला जातो. आरंभीच्या तायक्वांदोतले पवित्रे, हातांचे बचाव, ओळीने करावयाचे कवायतीचे क्रम पाहिले की त्यावरचा कराटेचा ठसा लपत नाही. मात्र नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला आपल्या राष्ट्रीय खेळाचे मूळ राज्यकर्त्यांच्या खेळात आहे हे मान्य करणे जड गेले आणि ते समजण्यासारखेही आहे. तेव्हा तेक्क्योन या जुन्या देशी खेळाशी नाते सांगितले गेले, नावही त्याच्या जवळपास जाणारे निवडले गेले, आणि तेक्क्योनच्या मागे आणखी मागे जात थेट प्राचीन राजवटींपर्यंत वंशावळ जोडली गेली. पुढे तायक्वांदोने स्वतःच्या बळावर जग जिंकले. १९७३ मध्ये जागतिक महासंघ झाला, १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक खेळ म्हणून प्रवेश मिळाला आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून पदके मिळू लागली. सत्तर वर्षांतली ही कमाई इतकी मोठी आहे की तिला उसन्या वयाची गरज का भासावी, हे मला आजही कळत नाही.

मग हे तेक्क्योन आहे तरी काय? ज्यांनी केवळ तायक्वांदो पाहिले आहे त्यांना तेक्क्योनची लढत प्रथम नाचासारखी वाटेल. सैलसर कोरियन पोशाखातले दोघे समोरासमोर उभे राहतात आणि जमिनीवर त्रिकोण आखला आहे असे मानून त्याच्या टोकांवर पावले टाकत राहतात. गुडघा लवतो, कंबर सैल पुढे येते, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जाते, हात झुलत राहतात, आणि हे सारे तीन ठेक्यांत. या पावलांना ते ‘पुम बाल्की’ म्हणतात. कराटेतला ताठपणा येथे औषधालाही नाही. त्या लयीत प्रतिस्पर्ध्याचे वजन ज्या क्षणी चुकीच्या पायावर येते, त्याच क्षणी घोट्यामागे पायाची आकडी पडते किंवा तळपाय छातीवर येऊन त्याला मागे लोटतो. लोटतो हे मुद्दाम लिहिले, कारण खेळातली लाथ इजा होईल अशी हाणायची नसते, ढकलायची असते. प्रतिस्पर्धी जमिनीवर पडला किंवा त्याच्या डोक्याला स्वच्छ लाथ लागली की लढत संपते. शिवाय एक पाय सतत प्रतिस्पर्ध्याच्या आवाक्यात पुढे ठेवावा लागतो, म्हणजे लांब राहून पळ काढण्याची सोयच नाही. टांग लावून समोरच्याचा तोल काढणे हे ज्या शहराला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याला या खेळाची गोडी लागायला वेळ लागणार नाही. प्रत्यक्ष मारामारीसाठी हाताचे प्रहार आणि इजा करणाऱ्या युक्त्या असलेला वेगळा भाग होता. तो खेळात आणला जात नसे.

हा खेळ सोलच्या परिसरात वस्त्यावस्त्यांत खेळला जाई. वरची आळी आणि खालची आळी अशा लढती लागत, विशेषतः पाचव्या चांद्रमासातल्या पंचमीला येणाऱ्या दानो सणाला. आधी पोरे भिडत, मग मोठे उतरत आणि जिंकलेला गडी पुढच्याला अंगावर घेत राही. (पेठांच्या फुटबॉल सामन्यांसाठी शाहू स्टेडियम भरवणाऱ्या आपल्या गावाला ही ईर्ष्या वेगळी समजावून सांगायला नको.)

आता उगमाचा प्रश्न. पुरावे पाहू गेल्यास ते फारसे नाहीत आणि जे आहेत ते सारख्या वजनाचे नाहीत. कोगुर्यो या प्राचीन कोरियन राजवटीच्या थडग्यांतल्या भित्तिचित्रांत अर्धनग्न पुरुषांच्या एकमेकांसमोर ठाकलेल्या जोड्या दिसतात. त्यांपैकी एक प्रसिद्ध थडगे आज चीनच्या हद्दीत आहे. दोन हजार वर्षांचा डोलारा मुख्यतः या चित्रांवर उभा आहे. परंतु चित्रातला पवित्रा पाहून तो अमुकच खेळ आहे असे छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि त्या काळापासून पुढे अखंड गुरुशिष्य परंपरा चालत आली असे दाखवणारे तर काहीच हाती नाही. त्यानंतर गोर्यो राजवटीच्या इतिहासात ‘सुबाक’ नावाच्या हातघाईच्या खेळाचे उल्लेख येतात. ११७० मध्ये राजाने सैनिकांची सुबाकची लढत लावली, तीत एका वयस्कर सेनानीने माघार घेतली, म्हणून एका दरबारी अधिकाऱ्याने भर सभेत त्याच्या थोबाडीत मारली. आधीच धुमसत असलेल्या सेनाधिकाऱ्यांनी बंड केले, दरबारी लोकांची कत्तल उडवली आणि पुढची सुमारे शंभर वर्षे सत्ता लष्कराच्या हाती राहिली. प्रसंग विलक्षण आहे, मात्र सुबाक म्हणजेच तेक्क्योन असे त्यावरून सिद्ध होत नाही.

तेक्क्योन या नावाचे लेखी पुरावे मिळू लागतात ते अठराव्या शतकात. १७९० मध्ये राजाज्ञेने तयार झालेल्या चोवीस युद्धविद्यांच्या सचित्र ग्रंथात तेक्क्योन नाही, ही बाब बोलकी आहे. ती रस्त्यावरच्या लोकांची विद्या होती, फौजेची नव्हे. त्यानंतर आठच वर्षांनी, १७९८ च्या एका कोशात सुबाकचा अर्थ देताना त्यालाच हल्ली तेक्क्योन म्हणतात, अशा आशयाची नोंद सापडते. दोन्ही खेळांना जोडणारा लेखी दुवा तो हाच. चित्रकार यू सुक यांच्या नावावर असलेले आणि १८४६ चे मानले जाणारे एक चित्र माझ्या मते या साऱ्या पुराव्यांत सर्वांत मोलाचे. नगराच्या तटाबाहेर माणसांचे मोठे कडे जमले आहे, आत एक जोड सिरुम म्हणजे कोरियन कुस्ती खेळते आहे आणि दुसरी जोड तेक्क्योनच्या पवित्र्यात आहे. एका मैदानात, एका गर्दीसमोर दोन्ही खेळ! पुढे १८९५ मध्ये अमेरिकन अभ्यासक स्ट्युअर्ट क्युलिन यांनी कोरियन खेळांवर लिहिताना लाथांच्या या खेळाचीही दखल घेतली. म्हणजे आजच्या पुराव्यानुसार निःशंकपणे सांगता येणारे वय सव्वादोनशे ते तीनशे वर्षांच्या घरातले आहे. हे काय थोडे झाले?

जपानी अमलात हा खेळ जवळजवळ नामशेष झाला. जमावाने खेळायच्या खेळावर परकी सरकारची नजर असणारच, आणि खेळणारी पिढीही म्हातारी होत गेली. उरले ते सोंग दोक-गी. त्यांचा जन्म १८९३ चा, सोलच्या इन्वांग डोंगराजवळच्या वस्तीतला. किशोरवयात ते इम हो नावाच्या वस्तादाकडे तेक्क्योन शिकले. तिरंदाजी करत, फुटबॉलही खेळत. १९५८ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांच्यासमोर प्रात्यक्षिक केले, तरीही त्यानंतर बराच काळ त्यांच्याकडे फारसे कोणी फिरकले नाही. पुढे शिन हान-सुंग हे स्वतः कुस्तीत मुरलेले गृहस्थ त्यांच्याकडे शिकू लागले, प्रत्येक लाथेची आणि पावलाची टिपणे काढू लागले, खेळ पाहिलेल्या इतर म्हाताऱ्यांनाही गाठू लागले आणि सरकारदरबारी खेटे घालू लागले. १ जून १९८३ रोजी तेक्क्योनला राष्ट्राच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात ७६ वा क्रमांक मिळाला, तेव्हा सोंग नव्वदीत होते. जुलै १९८७ मध्ये गुरू आणि शिष्य दोघेही वारले. मान्यतेला चार वर्षे उशीर झाला असता तर काय उरले असते, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत तेक्क्योनचा समावेश झाला. तुर्कस्तानातील तेल लावून खेळायची कुस्ती त्या यादीत आदल्याच वर्षी आली होती आणि २०१८ मध्ये सिरुमसाठी तर उत्तर व दक्षिण कोरिया यांनी संयुक्तपणे मान्यता मिळवली.

शिन यांनी केलेल्या या नोंदीतही सगळे आलबेल नाही. शिन यांनी शिकवण्याच्या सोयीसाठी मोकळ्या खेळाला क्रम लावले, पायऱ्या ठरवल्या. त्यात मूळ खेळ बदलला असा आक्षेप आहे, आणि आज तेथे एकाहून अधिक संघटना सोंग यांचे खरे तेक्क्योन आपलेच, असे सांगतात. पण हा वाद घालता येतो तो सोंग यांची प्रात्यक्षिके, मुलाखती आणि छायाचित्रे मागे राहिली म्हणूनच.

आपल्याकडच्या मर्दानी खेळांबाबत मला नेमकी हीच काळजी वाटते. पट्टा, फरीगदका, विटा, बोथाटी, लाठी या साऱ्यांचे आखाडे अजून पेठांत आहेत, शिवजयंतीच्या मिरवणुकीत हलगी-कैताळाच्या कडकडाटात मुलीही आता पट्टा फिरवतात. शासनाने २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, हे उत्तमच झाले. तरीही मल्लखांब, गटका, कलरीपयट्टू आणि थांग-ता हे खेळ खेलो इंडिया युवा स्पर्धेत पोहोचले, त्या यादीत मर्दानी खेळ नव्हते. मर्दानी खेळांवरच्या बातमीतही ‘शिवकालीन’ एवढा एक शब्द घातला की काम भागले असे आपण समजतो. पट्ट्याचे पाते लवचिक, मूठ कोपरापर्यंत हात झाकणारी, त्यामुळे मनगट वळत नाही आणि वार खांद्यातून व कमरेतून काढावा लागतो. हे एका वस्तादाने उभे राहून दाखवले तर दोन मिनिटांत कळते, लिहून ठेवायचे झाले तर बरेच कष्ट पडतात. ते कष्ट कोणी घेतले पाहिजेत.

म्हणून दोन विनंत्या. तायक्वांदोच्या बातमीतून ती दोन हजार वर्षे काढून टाकावीत. आणि आपल्या दैनिकाने मर्दानी खेळांच्या वस्तादांवर एक सदर चालवावे: त्यांना कोणी शिकवले, त्या वस्तादाचा वस्ताद कोण, कोणता आखाडा, कोणत्या हाताला (म्हणजे शस्त्र फिरवण्याच्या प्रकाराला) काय म्हणतात, तो पावलांच्या कोणत्या क्रमाने होतो, दुसऱ्या आखाड्यात तोच हात कसा वेगळा करतात, आणि आता कोणालाच येत नाहीत असे हात कोणते, एवढे विचारून छायाचित्रांसह छापावे. त्यासाठी शिवजयंतीचा मुहूर्त मात्र धरू नये. मिरवणुकीच्या तयारीत वस्तादांना बोलायला उसंत नसते, पावसाळ्यात असते.

आपला,
एक नियमित वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर