स्पेक्ट्रमचा कीबोर्ड घरी बनवताना

प्रति,
संपादक

महोदय,

कीबोर्ड गेला की जुना घरगुती संगणकही गेला, असे अनेकजण धरून चालतात. १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रमबाबत तरी तसे नसते. रबरी कळांखालच्या मेम्ब्रेनच्या (तारा छापलेल्या पातळ प्लास्टिक पडद्याच्या) दोन पट्ट्या वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ठिसूळ होतात आणि बोर्डावरच्या सॉकेटच्या तोंडाशी चिरतात. चिरलेले टोक कापून पट्टी पुन्हा खोचता येते, पण उरलेली पट्टीही तितकीच ठिसूळ असते. त्यापेक्षा नवा कीबोर्ड बनवणे बरे.

काम फक्त १३ तारांचे आहे. कळांचा कोणता गट वाचायचा ते ठरवणाऱ्या अॅड्रेसच्या आठ (ए-८ ते ए-१५) आणि त्यातली कोणती कळ दाबली ते सांगणाऱ्या डेटाच्या पाच (डी-० ते डी-४). ४० कळांपैकी प्रत्येक कळ दाबली की अॅड्रेसची एक तार डेटाच्या एका तारेला जोडते, बस्स. स्विच नेहमीचे मेकॅनिकल घ्यावेत: १.५ मिमी जाडीच्या पत्र्यात १४ मिमीची चौकोनी भोके, मध्यापासून मध्यापर्यंत अंतर १९.०५ मिमी. मूळ खोका यासाठी फार उथळ आहे. वेगळी पेटी करावी.

घोळ होतो तो उजव्या अर्ध्या भागात. दिसायला रांगा चार असल्या, तरी प्रत्येक रांग मधोमध तुटलेली आहे (प्रत्येक अर्ध्या भागाला अॅड्रेसची एक तार) आणि दोन्हीकडची मोजणी कडेकडून आत येते. म्हणजे १ डी-० वर, ५ डी-४ वर. पण ० डी-० वर आणि ६ डी-४ वर. उजवीकडेही डावीकडून मोजत सोल्डर केले, तर ० दाबल्यावर ६ उमटतो. मधला ८ मात्र बरोबर येतो, त्यामुळे एखाद-दुसरी कळ दाबून तपासणारा हमखास फसतो.

क्यू, डब्ल्यू आणि ए एकदम दाबल्या की न दाबलेली एसही लागते. खेळांसाठी हे नको असेल, तर प्रत्येक कळीला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावावा, त्याच्यावर छापलेल्या पट्ट्याची बाजू अॅड्रेसच्या तारेकडे. इथे सर्रास १एन४१४८ हा साधा सिलिकॉन डायोड वापरतात. पण बोर्डावर अॅड्रेसच्या प्रत्येक तारेत एक डायोड आधीच असतो. दोन मिळून सव्वा व्होल्टच्या आसपास घट होते आणि दाबलेली कळ वाचली जाईलच याची खात्री उरत नाही. म्हणून कमी घट होणारे शॉटकी डायोड घ्यावेत. नुसते बेसिक (स्पेक्ट्रममधली प्रोग्रॅमची भाषा) टंकायचे असेल, तर डायोडांच्या भानगडीत पडूच नये.

डिलीटसाठी (मूळ कीबोर्डवर कॅप्स शिफ्ट आणि ० एकदम) वेगळी कळ हवी असेल, तर कॅप्स शिफ्ट आणि ० दोन्ही डी-० वर असल्याने एक साधा स्विच आणि दोन शॉटकी डायोड पुरतात. डाव्या बाणाला (कॅप्स शिफ्ट आणि ५) तसे चालत नाही, कारण ५ डी-४ वर आहे. तिथे दोन वेगळे संपर्क एकदम जुळवणारा स्विचच लागतो.

कीबोर्ड जोडण्याआधी चाळीसही कळा मल्टिमीटरने तपासाव्यात. डायोड लावले असतील, तर मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून लाल टोक डेटाच्या तारेला लावावे. मग बेसिकमध्ये ६५२७८ हे पोर्ट (कॅप्स शिफ्ट ते व्ही या पाच कळांचा गट) 'इन' या आज्ञेने वाचत राहणारा दोन ओळींचा प्रोग्रॅम चालवावा. काही न दाबता बोर्डाच्या आवृत्तीनुसार २५५ किंवा १९१ दिसते. कॅप्स शिफ्ट दाबल्यावर त्यातून १, झेडला २, एक्सला ४, सीला ८ आणि व्हीला १६ वजा व्हायला हवेत. काही न दाबताच आकडा कमी दिसला, तर कुठेतरी सोल्डर सांडून शॉर्ट झाला आहे.

आपला,
एक वाचक