साताऱ्याच्या टायरवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे उघड पत्र. मे महिन्यात पुण्याला निघालेली राखाडी गाडी, हवा चेक करायला महामार्गालगत तुमच्याकडे थांबलेली. पुढच्या सीटवर सासूबाई, मांडीवर कंदी पेढ्यांचा पुडा. एवढ्यावरून ओळख पटावी.

हवा भरून आम्हाला वाटेला लावलं असतं तरी चाललं असतं. तुम्ही मात्र नळी बाजूला ठेवलीत, मोबाइलचा टॉर्च लावलात आणि चाकापाशी उकिडवे बसलात. ‘ताई, गाडी जास्त उभीच असते ना?’ बरोबर ओळखलंत. सासरे गेल्यापासून ती आवारात कव्हरखालीच असते. नक्षी इतकी खोल की बघणारा प्रत्येकजण म्हणायचा, टायर नवेच आहेत की!

बाहेरून तारीख सापडेना, तेव्हा स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावून तुम्ही टायरची आतली बाजू दाखवलीत. ‘डॉट’ने सुरू होणारी अक्षरांची रांग आणि तिच्या शेवटी चार आकडे : २३१६. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०१६ सालचा जून! मग तुम्ही बाजूच्या रबरावर अंगठा दाबलात, तशा केसासारख्या भेगा उघडल्या. ‘गोटा झालेला टायर लांबून दिसतो. वाळलेला दिसत नाही.’

नंतर मी वाचलं, की रबर भेगाळू नये म्हणून त्यात मेणासारखी द्रव्यं घातलेली असतात आणि चाक फिरत राहिलं की ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीला तेही नाही. अशा टायरांवर, तापलेल्या डांबरावरून, खंबाटकीचा बोगदा गाठायला आम्ही निघालो होतो.

नक्षीच्या खाचांमधले आडवे उंचवटेही तुम्ही दाखवलेत. ते १.६ मिलिमीटरचे, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर कायद्यानेही बाद. आमचे त्या परीक्षेत पास होते, हीच तर फसगत! स्टेपनी त्याच वयाची निघाली. ‘डिकीत ठेवली म्हणून काय वय थांबतं? पाच वर्षं झाली की दरवर्षी दाखवा. दहाच्या पुढं बघायचंसुद्धा नाही.’

खरं तर आपण जुनी गाडी घेताना रंगावरच्या ओरखड्यावरून बोट फिरवतो आणि टायरला नुसती लाथ मारून पुढे जातो.

तुम्ही नवे टायर विकत नाही, त्यामुळे या सगळ्यात तुमचा एका पैशाचा फायदा नव्हता. उलट ‘कुठूनही घ्या, पण बसवण्याआधी तारीख बघा आणि व्हॉल्व्ह नवे टाका’ म्हणालात, आणि घेतलेत ते हवेचे पैसे. सासूबाई परत फिरताना कुरकुरल्या, पण दुकानात पहिल्यांदा काढलेला टायर दोन वर्षांपूर्वीचा निघाला, तेव्हा ‘दुसरा काढा’ हे माझ्याआधी त्याच म्हणाल्या. दुकानदाराने मुकाट्याने बदलून दिला.

तुमचे मनापासून आभार. पुढच्या खेपेला जाऊबाईंना घेऊन येते. त्यांची गाडी तर आमच्याहून कमी पळते.

आपली,
साताऱ्याची एक ताई